करंट तोडताना ब्रेकरच्या पोटात काय चालतं

मोठा सर्किट ब्रेकर ट्रिप झाला की करंट लगेच तुटला असं आपल्याला वाटतं, पण कॉन्टॅक्ट लांब जायला लागले की शेवटचा टेकलेला बारीक ठिपका वितळतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून, गॅसमधून करंट आपला चालूच राहतो. हाच आर्क, म्हणजे प्लाझ्मा, इतका तापलेला गॅस की त्यातून वीज वाहते. मोठ्या फॉल्टला, म्हणजे शॉर्ट सर्किटसारख्या बिघाडाला, त्यातून हजारो अँपिअर जातात आणि मधलं तापमान २० हजार अंशांच्या आसपास पोचतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आहे, आता बोला!

एवढ्या दांडग्या आर्कला भर जोरात असताना कोणी विझवायला जात नाही. ५० हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, ब्रेकर त्याचीच वाट बघतो, आणि त्या क्षणी गॅसचा झोत मारून प्लाझ्मा गार करायचा, कारण लगेच कॉन्टॅक्टमधलं व्होल्टेज चढायला लागतं आणि गॅस गरम राहिला तर आर्क परत पेटतो. सगळा फैसला काही मायक्रोसेकंदांत.

बंद टाकीत, एवढ्या दाबाखाली हे मोजणं महाकठीण, म्हणून सिम्युलेशन, म्हणजे समीकरणं मांडून हिशोबानेच आर्क उभा करायचा. कॅसी या संशोधकाने १९३९ मध्ये आणि मायर या दुसऱ्याने १९४३ मध्ये अख्खा आर्क म्हणजे एक बदलता रेझिस्टन्स असं धरून समीकरणं दिली, ती नेटवर्कच्या हिशोबाला आजही वापरतात, पण नोझलचा, म्हणजे गॅसचा झोत जिथून जातो त्या तोंडाचा, आकार कसा ठेवायचा हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आतली जागा बारीक बारीक कप्प्यांत कापून प्रत्येकात दाब, वेग, तापमान आणि चुंबकीय क्षेत्र एकत्र सोडवावं लागतं, कारण जिथे गॅस तापतो तिथे करंट जास्त धावतो, त्याने तो आणखी तापतो, आणि वर करंटचं स्वतःचंच चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला आवळतं, ढकलतं.

खरी डोकेदुखी रेडिएशनची. आर्कचा उजेड टेफ्लॉनच्या नोझलवर पडतो, भिंतीचा पातळ थर उडून वाफ होतो, आणि काही डिझाइनमध्ये त्याच वाफेने साठलेला दाब नंतर शून्याच्या वेळी झोत मारायला वापरतात. म्हणजे उजेडाचा हिशोब चुकला की दाब चुकला, दाब चुकला की निकालच चुकला. प्लाझ्माच्या उजेडातल्या असंख्य स्पेक्ट्रल लाइन, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबीच्या रेषा, एकेक करून मोजणं परवडत नाही, मग त्यांचे मोजके पट्टे करून सरासरी घेतात. त्यामुळे सिम्युलेशनची नुसती रंगीत चित्रं बघून मी तरी भुलत नाही, टेस्टमध्ये मोजलेल्या दाबाशी आणि आर्क व्होल्टेजशी ती जुळली का ते आधी विचारावं. शून्याच्या जवळ तर इलेक्ट्रॉन आणि गॅस यांचं तापमान एकच, हे गृहीतकसुद्धा डळमळतं.

सध्या या कामाला घाई आहे ती एसएफ सिक्स, म्हणजे ब्रेकरमध्ये भरतात त्या सल्फर हेक्झाफ्लोराइड गॅसमुळे. आर्क विझवायला हा गॅस एक नंबर, पण तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पटींहून जास्त घातक, म्हणून कार्बन डायऑक्साइडवर आधारलेली मिश्रणं येताहेत आणि प्रत्येक मिश्रणाची कंडक्टिव्हिटी, रेडिएशन, सगळं परत काढावं लागतं. व्हॅक्यूम ब्रेकरचं गणित आणखी वेगळं, तिथे गॅसच नसतो, कॅथोडवरच्या, म्हणजे ऋण बाजूच्या कॉन्टॅक्टवरच्या, ठिपक्यांतून उडालेली धातूची वाफ हाच प्लाझ्मा, आणि तो विरळ झाला की गॅसच्या प्रवाहाची समीकरणं लागू पडत नाहीत, कणांचे झुंड धरून हिशोब करावा लागतो.