सीमेची जाडी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीतून ओतकामाचा माल हुबळीला गेला, तर बिलावर कराच्या दोन ओळी येतात. एक केंद्राची, एक राज्याची. तोच माल कोल्हापूरला गेला तर एकच ओळ येते, आयजीएसटीची. बेरीज दोन्हीकडे सारखीच. ट्रक कोगनोळीला टोल भरतो आणि कागलकडे निघून जातो. व्यापाराच्या हिशेबात कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यातली सीमा एवढीच उरली आहे. राजकारणाच्या हिशेबात मात्र ती १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून ठसठसते आहे. दरवर्षी त्या तारखेला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे काळा दिन पाळला जातो.

सीमाभागातल्या मराठी माणसाने स्वतंत्र देश कधीच मागितला नाही. मागणी कर्नाटकातून महाराष्ट्रात जाण्याची होती आणि आहे. पण जगात जिथे जिथे एखाद्या प्रदेशाने वेगळं होण्यासाठी मतदान केलं, तिथले अनुभव सीमाभागाच्या वाचकाला कामाचे आहेत. सीमा किती जाड असते आणि ती जाडी कशामुळे वाढते, हे तिथे मोजता येतं.

मोजायचं कसं? यान टिनबर्गन या डच अर्थतज्ज्ञाने १९६२ साली एक साधं सूत्र वापरलं. दोन ठिकाणांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखंच, म्हणून नावही तेच पडलं. बेळगावला हे सूत्र समजावून सांगायची गरज नाही. बंगळूर पाचशे किलोमीटर, कोल्हापूर नि पणजी शंभर-सव्वाशेच्या आत. गोव्याच्या बाजारातली भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावहून चोर्ला घाट उतरून जाते, ती काही कोणाच्या राज्यप्रेमामुळे नव्हे.

१९९५ साली अर्थतज्ज्ञ जॉन मॅकॅलम यांनी हेच सूत्र कॅनडाला लावलं. आकार आणि अंतर यांचा परिणाम वजा करूनही कॅनडाचे प्रांत अमेरिकेतल्या राज्यांशी जेवढा व्यापार करत, त्याच्या सुमारे वीस पट एकमेकांशी करत होते. भाषा बहुतांशी एकच, सीमा शांत, तरीही! पुढे इतर अभ्यासकांनी दाखवलं की कॅनडा लहान असल्यामुळे हा आकडा फुगून दिसतो. त्यांच्या हिशेबाने औद्योगिक देशांमध्ये राष्ट्रीय सीमेमुळे व्यापार वीस ते पन्नास टक्क्यांनी घटतो. म्हणजे वीस पट नव्हे, पण दुर्लक्ष करण्याजोगंही नव्हे. देशांमधली सीमा म्हणजे नुसतं जकातनाकं नसतं. वेगळं चलन, वेगळे कायदे, वेगळी न्यायालयं आणि बुडालेली उधारी वसूल करायची वेगळी पद्धत, हे सगळं तिच्यात आलं.

यातलं चलन सगळ्यात नाजूक. चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ ला दुभंगला, तोही जनमत न घेता, दोन्हीकडच्या नेत्यांच्या वाटाघाटीतून. मालमत्ता लोकसंख्येप्रमाणे साधारण दोनास एक अशी वाटली. चलन निदान काही महिने तरी एकच ठेवायचं ठरलं होतं. ते सहा आठवडेही टिकलं नाही. स्लोव्हाकियाचा पैसा पुढे घसरणार, हे लोकांनी आधीच हेरलं आणि ठेवी चेक बँकांकडे वळू लागल्या. मग फेब्रुवारीत चलन तोडलं. नव्या नोटा लगेच पुरेशा कुठून आणणार? जुन्याच मोठ्या नोटांवर पोस्टाच्या तिकिटासारखे छोटे मुद्रांक चिकटवले. चेक मुद्रांकाची नोट प्रागमध्ये चालायची, स्लोव्हाक मुद्रांकाची ब्रातिस्लाव्हात. कागद तोच, छपाई तीच; फक्त त्या चिकटवलेल्या कपट्यामुळे पैसा परका झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये स्लोव्हाक कोरुनाचं दहा टक्के अवमूल्यन झालं. लोकांची भीती खोटी नव्हती. आणि जगात याहून शांतपणे झालेली वाटणी शोधून सापडणार नाही.

कर्जाची वाटणी स्कॉटलंडमध्ये मतदानाआधीच डोकं वर काढून बसली. ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का, यावरच्या १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमताच्या आठ महिने आधी ब्रिटनच्या अर्थखात्याला जाहीर करावं लागलं की निकाल काहीही लागो, आधी काढलेल्या सगळ्या कर्जाची जबाबदारी आम्हीच घेऊ. नाहीतर ते कर्ज देणाऱ्यांनी व्याज वाढवून मागितलं असतं. ५५ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. त्या उन्हाळ्यात खनिज तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१५ मध्ये पन्नासच्या खाली आलं. उत्तर समुद्रातल्या तेलावर नव्या देशाचं अंदाजपत्रक मांडणाऱ्यांचं नशीब चांगलं, असंच म्हणायचं.

दक्षिण सुदानचं नशीब तसं नव्हतं. जानेवारी २०११ मध्ये जवळपास ९९ टक्के मतं स्वातंत्र्याला पडली. जुन्या सुदानच्या तेलापैकी सुमारे तीन चतुर्थांश दक्षिणेत निघायचं, पण नळ उत्तरेतून लाल समुद्राकडे जायचा. तेल वाहून नेण्याच्या भाड्यावरून भांडण पेटलं आणि २०१२ च्या सुरुवातीला नव्या देशाने आपलंच तेल बंद केलं. वर्षभराहून जास्त काळ तिजोरीचा मुख्य झरा आटला.

पैसा मतपेटीची वाट पाहत नाही, हेही लक्षात घेण्यासारखं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या माँट्रियलमधल्या सन लाइफ या विमा कंपनीने १९७८ साली मुख्यालय टोरांटोला हलवायचं जाहीर केलं, वेगळं होण्यावरचं क्वेबेकचं पहिलं सार्वमत १९८० चं. स्पेनमधल्या कॅटलोनियात स्वातंत्र्यासाठी १ ऑक्टोबर २०१७ चं वादग्रस्त मतदान झालं आणि आठवड्याच्या आत कैशाबँक व सबाडेल या दोन मोठ्या बँकांनी नोंदणीचा पत्ता कॅटलोनियाबाहेर नेला. सबाडेलला परतायला २०२५ उजाडलं.

याची दुसरी बाजूही आहे. मागणी हरली तरी सत्तेला काही ना काही द्यावं लागतं. स्कॉटलंडला २०१६ च्या कायद्याने जास्त अधिकार मिळाले. बेळगावात काय झालं पाहा. २००६ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन इथे भरलं आणि २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभं राहिलं. सीमावाद नसता तर राजधानीपासून एवढ्या लांब दुसरं विधानभवन कोणी बांधलं असतं, असं मला तरी वाटत नाही. हा दावा ठोकण्याचाच एक प्रकार, फक्त दगडात.

आता खरा कळीचा मुद्दा. मत मोजायचं ते कोणाचं?

स्वित्झर्लंडमधल्या बर्न राज्याच्या वायव्य टोकाला जुरा नावाचा फ्रेंच भाषक डोंगरी पट्टा होता. बर्न बहुतांश जर्मन भाषक. वेगळं राज्य हवं का, म्हणून २३ जून १९७४ ला सगळ्या पट्ट्याला विचारलं. सुमारे ३७ हजार ‘हो’, ३४ हजार ‘नाही’. आपल्याकडे इथे विषय संपला असता. तिथे मार्च १९७५ मध्ये दक्षिणेकडच्या जिल्ह्यांना पुन्हा विचारलं आणि ते बर्नमध्येच राहिले. भाषा फ्रेंचच, पण पंथ प्रॉटेस्टंट, उत्तरेचा कॅथलिक. मग सप्टेंबरमध्ये नव्या रेषेला लागून असलेल्या गावांना गावागणिक विचारलं. १९७८ मध्ये साऱ्या देशाने मान्यता दिली आणि १ जानेवारी १९७९ ला जुरा राज्य झालं. तरी मूतिये हे गाव बर्नमध्येच अडकून राहिलं. २०१७ मध्ये तिथे १३७ मतांच्या फरकाने जुरात जायचं ठरलं, पण मतदारयादीतल्या घोळामुळे ते मतदान रद्द झालं. २०२१ मध्ये पुन्हा मतदान, पुन्हा ‘हो’. हस्तांतरासाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख ठरली. पहिल्या मतापासून अर्धं शतक गेलं, पण वाट प्रत्येक वेळी मतपेटीतूनच गेली.

आपल्याकडे १९५६ ला राज्यांच्या सीमा आखताना घटक धरला तो जिल्हा. तरी बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका काढून मुंबई राज्यात ठेवलाच, म्हणजे गरज पडली तेव्हा घटक मोडता आला. मुंबई राज्याने १९५७ मध्ये जी तत्त्वं पुढे केली त्यांत खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा अशी चार होती. केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने गावं वाटून दिली, २६४ महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकला, पण बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटक तोच अंतिम मानतं आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. घटक बदलला की निकाल बदलतो, हे दोन्ही बाजूंच्या वकिलांना पक्कं ठाऊक आहे. चौथं तत्त्व, लोकेच्छा, मात्र कधी मोजलंच गेलं नाही. राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा संसद बदलते. संबंधित विधिमंडळाचं मत विचारावं लागतं, पण ते बंधनकारक नसतं, आणि जनतेला विचारण्याची तर अटच नाही.

अपवाद शेजारीच घडला. १६ जानेवारी १९६७ ला गोव्याला विचारलं गेलं: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. वेगळं राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच, ते मिळायला १९८७ उजाडलं.

बेळगाव, खानापूर, निपाणीला उद्या विचारायचं ठरलं, तर पहिलं भांडण मतदारयादीवर होईल. न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिकमधल्या फ्रेंच बेटांवर १९९८ च्या करारानुसार नंतर आलेल्यांना स्वातंत्र्याच्या मतदानातून वगळलं होतं. २०१८, २०२० आणि २०२१ अशी तिन्ही मतदानं त्या मर्यादित यादीवर झाली आणि तिन्ही ‘नाही’ निघाली. स्थानिक निवडणुकांची अशीच गोठवलेली यादी खुली करायचा प्रयत्न फ्रान्सने २०२४ मध्ये केला, तेव्हा दंगली पेटल्या. इथे १९५६ सालच्या रहिवाशांची यादी धरावी तर त्यातले बहुतेक आज हयात नाहीत. आजची धरावी तर नोकरीधंद्यासाठी नंतर येऊन स्थिरावलेला प्रत्येक जण तिच्यात आला, आणि घरी मराठी पण शाळा कन्नड अशी वाढलेली पिढीही आली. ती कुठल्या चिन्हावर शिक्का मारेल, हे जनगणनेतल्या मातृभाषेच्या रकान्यावरून सांगता येणार नाही.