ओटा किती उंच हवा? मापे घ्यायला येण्याआधी हे वाचा

स्वयंपाकघराचे काम द्यायला येणारे बहुतेक जण आधी रंग, ट्रॉल्या आणि ग्रॅनाईटचा भाव विचारतात. उंचीचा विषय क्वचितच निघतो. ती ‘नेहमीची’ म्हणजे ३४ इंच, हल्ली काही ठिकाणी ३६ इंच, असे धरूनच चाललेले असते. आमच्या मते मात्र सगळ्यात आधी ठरवायचा आकडा हाच. रंग चार वर्षांनी बदलता येतो, पण बसवलेला दगड कोणी हलवत नाही आणि त्याच्यापुढे रोज उभे राहावे लागते.

३६ इंच ही अमेरिकेतली रूढ उंची आहे. आपल्याकडे स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंमी, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. एवढ्या उंचीच्या बाईचे कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंमीवर येते आणि ३६ इंची ओटा ९१ सेंमीवर. त्यावर पोळपाट ठेवला की लाटायची जागा थेट कोपराला भिडते. मग वजन देण्यासाठी खांदे उचलावे लागतात. पोळ्या झाल्यावर मान आणि खांदे भरून येतात ते बरेचदा यामुळेच, आणि बाई मात्र वयाला दोष देते.

म्हणून आम्ही ओट्याचे माप कोपरापासून घेतो. भाजी चिरण्यासारख्या हलक्या कामाला कोपराच्या १० ते १५ सेंमी खाली जागा लागते. कणीक मळणे, भाकरी थापणे, पोळ्या लाटणे यांत जोर लागतो, त्यामुळे जागा आणखी खाली हवी. पाच फुटांच्या व्यक्तीला चिरायला ३२-३३ इंच ठीक, मळायला-लाटायला ३० इंच बरे. शेगडीचे गणित वेगळे. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, त्यावर कुकर चढला की ३४ इंची ओट्यावर झाकण थेट छातीशी येते. तो भाग तीन-चार इंच खाली घेतला तर कढईत काय शिजते आहे ते टाचा न उचलता दिसते. सिंकचे याच्या उलट. हात ओट्यावर नाही, भांड्याच्या तळाशी चालतात, म्हणून सिंक थोडे वर हवे. नाहीतर भांडी घासणाऱ्याची कंबर जाते.

तरीही असा वेगवेगळ्या उंचीचा, पायऱ्यांचा ओटा आम्ही प्रत्येकाला सुचवत नाही. लहान स्वयंपाकघरात जड, गरम पातेले सरकवताना पायरी आडवी येते आणि सांध्यात पाणी-पीठ साचते. तिथे ओटा एकाच उंचीचा ठेवून खाली मळण्या-लाटण्यासाठी ओढून काढायची फळी करतो. तिला जाड चॅनेल (फळी ज्यांवर सरकते त्या धातूच्या पट्ट्या) आणि खालून आधार लागतोच. त्यात काटकसर करू नका, कारण परातीवर अंगाचा भार पडतो.

माप कोणाचे घ्यायचे? जे रोज सर्वांत जास्त वेळ उभे राहतात त्यांचे. पोळ्यांना मावशी येत असतील तर लाटायच्या जागेचे माप त्यांचेच हवे. त्या वेळी त्यांना बोलावून घ्या, आम्ही थांबू. घरात एक उंच आणि एक बुटके माणूस स्वयंपाक करत असेल तर आम्ही कमी उंचीकडे झुकतो. उंच माणसाला भाजीखाली जाड पाट घेऊन चिरता येते. बुटक्या माणसाने विस्तवापुढे पाटावर चढून उभे राहणे मात्र धोक्याचे.

आजी-आजोबांना फार वेळ उभे राहवत नसेल तर सांगा. ओट्याखाली एक खण मोकळा ठेवला की स्टुलावर बसून गुडघे आत जातात. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या घरांसाठी आखलेल्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसून काम करायची सोय होती. आपल्याकडेही विळीवर बसूनच चिरत असत. ओटा आला आणि ती सोय गेली.

गव्हा-तांदळाचे डबे गुडघा ते खांदा यांच्यामध्येच ठेवायचे, माळ्यावर नाही. भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास ३० किलोंचा असतो, म्हणून त्याला चाकांची गाडी हवी. गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्या कपाटाला जमिनीलगत जाळी ठेवतोच. शेगडीचा भाग कितीही खाली घेतला तरी तो सिलिंडरच्या वरच राहील, हेही पाहतो.

फरशी अजून बसायची असेल तर तिची जाडी आधी कळवा. दीड-दोन इंचांनी सगळा हिशेब चुकतो. दगड कापण्यापूर्वी ठोकळ्यांवर प्लायवूड टाकून कच्चा ओटा उभा करतो. त्या दिवशी तुमची परात, पोळपाट, शेगडी आणि कुकर बाहेर काढून ठेवा, आणि थोडी कणीकही भिजवा. घरात घालता त्याच चपला घालून, किंवा अनवाणी वावरत असाल तर अनवाणी उभे राहून, चार पोळ्या लाटून पाहा. ठोकळे खालीवर करायला वेळ लागत नाही आणि त्याचे पैसे आम्ही लावत नाही.