सफाईचा ठेका (नगरपरिषदा)

घरोघरचा कचरा गोळा करणे, तो प्रक्रिया केंद्रापर्यंत नेणे आणि रस्त्यांची झाडलोट ही कामे नगरपरिषदेने स्वतःच्या कर्मचाऱ्यांऐवजी ठरावीक मुदतीच्या कराराने बाहेरच्या संस्थेकडे सोपवण्याची पद्धत. कार्यालयीन कागदांत ‘बाह्ययंत्रणेमार्फत सफाई’ असा उल्लेख असतो. महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या शहरांत आज हीच रीत सर्वाधिक आढळते.

कायद्याने हे काम नगरपरिषदेचेच आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये सार्वजनिक रस्ते व जागांची सफाई बंधनकारक कर्तव्यांत मोडते. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन नगरपालिकांकडे आहे, आणि घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने दारातून वर्गीकृत कचरा उचलण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. ठेका दिला की काम बाहेर जाते, कर्तव्य नाही. चौकात ढीग साचला तर जाब मुख्याधिकाऱ्याला विचारला जातो. हे विसरून केलेले करार पुढे सर्वात जास्त त्रास देतात.

ठेक्याकडे वळण्यामागे कार्यक्षमतेचा विचार असतो असे सांगितले जाते, पण खरे कारण बहुधा वेगळे असते. आस्थापना खर्चावर शासनाची मर्यादा आहे आणि नोकरभरतीवर निर्बंध आहेत. कायम सफाई कामगार निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही, शहर मात्र वाढत राहते. ठेक्याचा खर्च पगाराच्या खात्यात दिसत नाही, शिवाय वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरता येणाऱ्या) अनुदानातून तो भागवता येतो.

कामाचे माप

निविदेआधी काम किती आहे हे मोजावे लागते, आणि इथेच सर्वात जास्त घाई होते. मागच्या ठेक्याचे आकडे उचलून त्यावर १० टक्के चढवणे म्हणजे अंदाजपत्रक नव्हे.

६०,००० वस्तीचे शहर घेऊ. दोन लाखांखालील शहरांत माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरतात. २५० ग्रॅमप्रमाणे रोज १५ टन. मागे पेटी बसवलेल्या छोट्या टेम्पोत साधारण १.८ घनमीटर कचरा मावतो, मोकळ्या कचऱ्याचे वजन घनमीटरला ४०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे एका फेरीत जेमतेम ७०० किलो. १५ टनांना २१-२२ फेऱ्या लागतात. प्रत्येक गाडीच्या दोन फेऱ्या धरल्या तर ११ गाड्या, आणि दुरुस्तीतल्या गाडीच्या बदल्यात एक जादा. दर घरी साडेचार माणसे धरल्यास घरे होतात सुमारे १३,३००, म्हणजे गाडीमागे १,२०० घरे. हा बोजा पेलण्याजोगा आहे. गाड्या ८ धरल्या तर गाडीमागे १,६०० हून जास्त घरे येतात आणि आळीच्या टोकाची घरे रोज राहून जातात. तक्रार चालकाविरुद्ध होते, चूक मात्र अंदाजपत्रकात असते.

झाडलोटीचे माप रस्त्याच्या लांबीवर ठरते. केंद्र शासनाच्या घनकचरा मार्गदर्शिकेत एका कामगारामागे दाट वस्तीत २५० ते ३५० मीटर, मध्यम वस्तीत ४०० ते ६०० मीटर आणि विरळ वस्तीत ६५० ते ७५० मीटर असे प्रमाण आहे. बाजारपेठेचे १५ किलोमीटर रोज झाडायचे तर ३०० मीटरप्रमाणे ५० माणसे. वसाहतींचे २५ किलोमीटर दिवसाआड झाडायचे तर ५०० मीटरप्रमाणे २५. एकूण ७५ झाली, पण प्रत्येकाला आठवड्याची सुटी असते. रोज ७५ माणसे कामावर दिसायची तर पटावर ८८ लागतात. ही बदलीची १३ माणसे निविदेत जवळजवळ नेहमी विसरली जातात. मग रविवारी रस्ते झाडले जात नाहीत, नाहीतर कामगाराला सुटीच मिळत नाही.

आठवडी बाजार, गणेशोत्सवातले निर्माल्य, दिवाळीची साफसफाई, गावची यात्रा यांसाठीची जादा पाळी करारात स्वतंत्र दराने लिहिलेली असावी. नसेल तर त्या दिवशी ठेकेदार ‘हे करारात नाही’ म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो.

पैसे कशावर मोजायचे

ठेका कसा चालेल हे ठेकेदाराच्या नावापेक्षा दराच्या एककावर जास्त अवलंबून असते. ज्यावर पैसे मिळतात ते वाढते, बाकीचे मागे पडते.

टनावर दर ही जुनी आणि मोजायला सोपी पद्धत. वजनकाट्याची पावती जोडली की देयक तयार. पण वजन वाढवणे कचरा गोळा करण्यापेक्षा सोपे असते. गाडीत तळाला राडारोडा, वर कचरा. उन्हाळ्यात पाणी मारणे. पावसाळ्यात ताडपत्री न घालणे. रिकाम्या गाडीचे वजन एकदाच नोंदवून पुढे तेच वापरणे. यावर उपाय आहे: आठवड्यातून कधीही, न सांगता, दोन-तीन गाड्या रिकाम्या करून काट्यावर घ्यायच्या आणि एखादी गाडी फरशीवर ओतून पाहायची. टनाच्या दराचा मोठा दोष मात्र कोणत्याही तपासणीने जात नाही. लोकांनी घरीच ओल्या कचऱ्याचे खत केले किंवा सुका कचरा भंगारात दिला तर ठेकेदाराचे उत्पन्न घटते. वर्गीकरणाचा प्रचार एका हाताने आणि टनाचा दर दुसऱ्या हाताने, असे करणारी नगरपरिषद स्वतःशीच भांडत असते.

घरामागे दर दिला तर हा दोष टळतो, पण घर खरेच झाले का हे तपासावे लागते. त्यासाठी दारावर क्यूआर कोडची पाटी लावतात आणि कामगाराने ती रोज स्कॅन करायची असते. पाट्यांचे फोटो काढून, एका जागी बसून सगळा प्रभाग स्कॅन करण्याचे प्रकार घडतात. स्कॅनची वेळ आणि जीपीएसवरची गाडीची जागा जुळवून पाहिली की हे लगेच उघडे पडते. तसे पाहायला कोणी नेमलेले मात्र नसते.

माणसांवर दर, म्हणजे अमुक इतके कामगार पुरवा, हा खरे तर सफाईचा ठेकाच नव्हे, मनुष्यबळ पुरवठा आहे. यात हजेरीपट फुगतो. झाडलोटीसाठी झाडलेल्या किलोमीटरवर दर आणि त्याच्या जोडीला किमान कामगारसंख्येची अट, हा मेळ त्यातल्या त्यात बरा चालतो.

झाडलोट आणि गटारसफाई दोन ठेकेदारांकडे असली तर आणखी एक गोम असते. झाडणाऱ्याकडे ढकलगाडी नसेल किंवा ती लांब उभी असेल, तर माती गटारात लोटली जाते. तीच माती दुसरा ठेकेदार गाळ म्हणून काढतो आणि नगरपरिषद एकाच मातीचे पैसे दोनदा देते. दोन्ही कामे एकाच प्रभागापुरती एकाच करारात ठेवणे बरे.

निविदा आणि देयक

सर्वसाधारण सभेचा ठराव, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, आधी तांत्रिक (पात्रतेचा) आणि मग आर्थिक (दराचा) लिफाफा, शेवटी करारनामा व कार्यादेश असा क्रम असतो. सर्वात कमी दराला काम देण्याआधी एक साधे गणित करावे. किमान वेतन आणि विशेष भत्ता यांवर भविष्य निर्वाह निधीचे मालकाचे अंशदान विमा व प्रशासन शुल्कासह १३ टक्के, कामगार राज्य विम्याचे ३.२५ टक्के, बोनस ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे २५ टक्के वर. भरपगारी रजा, गणवेश, हातमोजे, गमबूट, खराटे, डिझेल आणि नफा त्यानंतर. मजुरीचा दर या बेरजेच्या खाली असेल तर फरक कामगाराच्या पगारातून निघणार हे निविदा उघडतानाच दिसत असते. असा दर ‘शासनाची बचत’ म्हणून मंजूर करणे ही डोळेझाक आहे.

मासिक देयकासोबत हजेरीपट, पगार बँकेत जमा झाल्याची यादी, निधी व विम्याची चलने, वजनपावत्या, जीपीएस अहवाल आणि स्वच्छता निरीक्षकाचा दाखला असावा. चलनातली नावे हजेरीपटाशी एकेक करून ताडावीत; एकूण रक्कम जुळली म्हणून नावे जुळतातच असे नाही.

दंडाची कलमे करारात भरपूर असतात, वसुली क्वचित होते. निरीक्षक एक, प्रभाग बारा, आणि दंड लिहिला की दुसऱ्या दिवशी काम आणखी ढिले. रक्कम लहान ठेवून ती देयकातून आपोआप कापली जाईल अशी मांडणी मोठ्या पण कधी न लावलेल्या दंडापेक्षा उपयोगी पडते. उलट बाजूही आहे: नगरपरिषद स्वतःच देयके तीन-तीन महिने अडकवते, ठेकेदार पगार थांबवतो, कामगार काम बंद करतात आणि चौथ्या दिवशी शहराला वास येतो. म्हणून तीन महिन्यांचे पगार स्वतःच्या भांडवलातून देण्याची ऐपत हा तांत्रिक लिफाफ्यातला निकष असला पाहिजे.

कामगार

ठेकेदार बदलतो, खराटा हातात असलेली माणसे सहसा तीच राहतात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कंत्राटी कामगार कायदा, १९७० प्रमाणे ठेकेदाराने वेतन चुकवले तर ते मूळ मालकाने, म्हणजे नगरपरिषदेने, द्यायचे आणि ठेकेदाराकडून वसूल करायचे असे होते. कायद्यातून निसटण्यासाठी कामाचे तुकडे पाडून प्रत्येक ठेक्यात कायद्याच्या मर्यादेहून कमी माणसे दाखवण्याची युक्ती जुनी आहे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा प्रश्न न्यायालयात लढवला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या सुमारे २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा उचलून धरला. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ठेक्यावरच्या माणसाला, त्याच वस्तीतून येऊन तेच काम करूनही, हा हक्क नाही.

पुण्यात वेगळी वाट निघाली. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या १९९३ पासूनच्या संघटनेतून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरे दरमहा शुल्क थेट कचरा नेणाऱ्याला देतात आणि भंगार विकून आलेले पैसे त्याच्याकडेच राहतात. त्यामुळे कचरा वेगळा ठेवण्यात त्याचा स्वतःचा फायदा असतो. टनाच्या दरात हेच साधत नाही. लहान शहरात ही पद्धत आणायची तर मुळात कचरावेचक संघटित असावे लागतात आणि शुल्क थकवणाऱ्या घरांचे काय करायचे हे आधी ठरवावे लागते.

मुदत संपताना

करार बहुधा तीन ते पाच वर्षांचा. नवी निविदा वेळेत निघत नाही, मग जुन्यालाच महिन्या-महिन्याची मुदतवाढ मिळत राहते. पुढच्या महिन्याची खात्री नसलेला ठेकेदार टायर बदलत नाही, गंजलेली पेटी वेल्ड करत नाही. गाड्या नगरपरिषदेच्या असल्या तर नुकसान तिचेच. निविदेचे काम मुदत संपण्याच्या सहा महिने आधी सुरू व्हायला हवे. अखेरच्या देयकातून काही रक्कम राखून ती प्रत्येक गाडीची चालती स्थिती तपासून, मार्गांचे नकाशे, घरांची यादी आणि क्यूआर नोंदींचा विदा (डेटा) ताब्यात घेतल्यावरच सोडावी. नकाशे ठेकेदाराच्या मुकादमाच्या डोक्यात असतील तर नव्या ठेकेदाराचे पहिले काही आठवडे घरे शोधण्यात जातात.