दहशतवादी पकडणं वेगळं आणि बंड मोडणं वेगळं

22 एप्रिल 2025 ला काश्मीरमध्ये पहलगामला अतिरेक्यांनी 26 जणांना मारलं, त्यात दोघं आपल्या पुण्याचे. त्यानंतर आठवडाभर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच चालू होतं, घुसून मारा, एकदाच काय ते संपवा. राग मलाही आला होता, अजूनही आहे. पण त्या चर्चेत जर्मन बेकरी, काश्मीर, इराक, अफगाणिस्तान, आफ्रिकेतले जिहादी सगळं एकाच गाठोड्यात बांधलं जात होतं आणि सगळ्यावर एकच औषध सांगितलं जात होतं, आणि ते वाचून मला खरंच अस्वस्थ व्हायला झालं, कारण यातले दोन आजार पूर्ण वेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर तो वाढतो.

आधी आपल्याला माहीत असलेला आजार घेऊ. 13 फेब्रुवारी 2010, शनिवारची संध्याकाळ, कोरेगाव पार्क, जर्मन बेकरीत ठेवलेली एक बॅग. 17 जीव गेले. पुढे 1 ऑगस्ट 2012 ला जंगली महाराज रोडवर साखळी स्फोट झाले, तेव्हा सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. हे करणारे मूठभर होते, आणि कोरेगाव पार्कात किंवा डेक्कनला त्यांचं राज्य नव्हतं. कोणी त्यांना कर देत नव्हतं, जमिनीचं भांडण मिटवायला कोणी त्यांच्याकडे जात नव्हतं. कोणाला पत्ता नसणं हीच त्यांची ताकद होती. अशा लोकांना शोधायचं काम पोलिसांचं असतं, म्हणजे एटीएस (दहशतवादविरोधी पथक), खबरी, भाडेकरूंची नोंद, सिमकार्ड, सीसीटीव्ही, आणि मुख्य म्हणजे कोर्टात टिकेल असा पुरावा. जुलै 2023 मध्ये कोथरूडला रात्रीच्या गस्तीवरच्या पोलिसांनी काही जणांना गाडी चोरतायत या संशयावरून हटकलं आणि त्यातून पुढे निघाले एनआयए या राष्ट्रीय तपास संस्थेला हवे असलेले आरोपी. गस्तीवरच्या माणसाने डोळे उघडे ठेवले म्हणून हे झालं.

इथे म्होरक्या पकडला की खरंच फरक पडतो. या स्फोटांमागे असल्याचा आरोप असलेल्या इंडियन मुजाहिदीनचा यासीन भटकळ ऑगस्ट 2013 मध्ये नेपाळच्या सीमेवर सापडला, 2014 मध्ये आणखी मोठी माणसं आत गेली, आणि त्या नावाने होणारे स्फोट थांबल्यातच जमा झाले. पण तपास कच्चा राहिला की काय होतं तेही आपण इथेच पाहिलंय. जर्मन बेकरी खटल्यात ज्या एकाला शिक्षा झाली होती त्याची फाशी हायकोर्टाने 2016 मध्ये रद्द केली, स्फोटाच्या आरोपातून त्याला सोडलं, आणि स्फोटकं बाळगल्याची शिक्षा तेवढी कायम ठेवली. त्या 17 घरांना पूर्ण उत्तर मिळालं असं मला अजून वाटत नाही.

आता दुसरा आजार, सशस्त्र बंड, ज्याला फौजेतले लोक इन्सर्जन्सी म्हणतात. बॉम्ब इथेही फुटतात, क्रौर्य तेच असतं, म्हणून लांबून बघणाऱ्याची गल्लत होते. पण या माणसाला नुसती भीती घालायची नसते, त्याला सरकार व्हायचं असतं. अफगाणिस्तानात अमेरिकेचं सैन्य असतानाच तालिबानची स्वतःची कोर्टं चालत होती, आणि लोक तिकडे जायचे कारण सरकारी कोर्टात पैसे चारावे लागायचे आणि निकाल लागायचा नाही. सोमालियात अल शबाब ही जिहादी संघटना नाक्यांवर कर घेते, अगदी राजधानी मोगादिशूतले व्यापारीसुद्धा त्यांना पैसे देतात. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, काश्मीरमध्ये बंडखोरांशी लढणाऱ्या लष्कराच्या राष्ट्रीय रायफल्समध्ये कुपवाड्याला होते, ते म्हणतात की कुठल्याही भागाबद्दल एवढंच विचार, अंधार पडल्यावर तिथे कोणाचं ऐकलं जातं? पुण्यात याचं उत्तर 2010 लाही बदललं नव्हतं, पण ईशान्य नायजेरियात, मध्य मालीत ते बदललं.

आणि एकदा ते बदललं की नुसतं मारून भागत नाही. नायजेरियात बोको हराम या जिहादी संघटनेचा संस्थापक मोहम्मद युसूफ जुलै 2009 मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला, संघटना संपली असं वाटलं, आणि ती नवा म्होरक्या शेकाऊच्या हाताखाली दसपट क्रूर होऊन परत आली. एप्रिल 2014 मध्ये चिबोकच्या शाळेतून 276 मुली पळवल्या त्या याच लोकांनी. संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपी या विकास संस्थेने 2017 मध्ये आफ्रिकेतल्या अशा संघटनांमध्ये आपणहून गेलेल्या लोकांशी बोलून एक अहवाल काढला, त्यात 71 टक्के लोकांनी सांगितलं की शेवटचा धक्का सरकारच्या कारवाईचा होता, घरच्या किंवा मित्राच्या मरणाचा किंवा अटकेचा. म्हणजे धर्माची भाषा खरी असते, म्होरक्यांसाठी तर ती सगळं काही असते, पण बंदूक उचलणाऱ्या पोराला तिथवर आणणारी गोष्ट बऱ्याचदा गावातलीच असते. मालीत तर चराऊ रानाचं भांडण आहे, फुलानी गुराखी आणि डोगोन शेतकरी, आणि जिहादी गुराख्यांना म्हणाले आम्ही राखू तुम्हाला. फ्रेंचांनी 2013 पासून तिथे एकेक कमांडर टिपला, जून 2020 मध्ये अल कायदाच्या उत्तर आफ्रिकेतल्या शाखेचा म्होरक्या द्रूकदेललाही मारलं, तरी जिहाद्यांचा इलाखा वाढतच गेला. मार्च 2022 मध्ये मुरा गावात माली सैन्याने आणि त्यांच्यासोबतच्या परदेशी लोकांनी किमान 500 माणसं मारली असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्या गावातून सरकारला कोण खबर देणार?

मग काय चालतं? मला विचाराल तर सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण इराकच्या अनबार प्रांताचं आहे, कारण तिथे जमलंही आणि हातचं घालवलंही. 2003 मध्ये अमेरिकेने इराकी सैन्य बरखास्त केलं, लाखो शिकलेले, हत्यार चालवता येणारे पुरुष एका दिवसात घरी बसले. जून 2006 मध्ये इराकमधल्या अल कायदाचा म्होरक्या झरकावी मारला गेला आणि त्यानंतर हिंसाचार कमी न होता वाढलाच. बदल झाला तो अनबारमधल्या रमादी शहराच्या आसपासच्या सुन्नी टोळ्यांमुळे. अल कायदाने त्यांच्या शेखांना मारलं, त्यांचे धंदे बळकावले, आणि ते लोकच सप्टेंबर 2006 पासून उलटले. अमेरिकी सैन्यानेही मोठ्या तळांवरून बाहेर पडून वस्तीतल्या छोट्या चौक्यांत इराकी पोलिसांसोबत राहायला सुरुवात केली, म्हणजे खबर देणाऱ्याला रात्री कोण वाचवणार हा प्रश्न सुटला. साधारण एक लाख स्थानिक माणसं पगारावर पहाऱ्याला लागली, त्यातले कित्येक आदल्या वर्षी अमेरिकनांवरच गोळ्या झाडत होते. हे पचवायला किती जड गेलं असेल! पण 2008 पर्यंत हिंसाचार प्रचंड खाली आला. आणि मग बगदादच्या सरकारने त्या माणसांना पोलिसात, सरकारी नोकरीत घ्यायचा शब्द धड पाळला नाही, वर धरपकड सुरू केली, आणि जून 2014 मध्ये मोसुल हे मोठं शहर इसिसच्या हातात गेलं. ते परत घ्यायला नऊ महिने लढाई झाली, अर्धं शहर ढिगारा झालं.

बंदूक लागतेच, मोसुल भाषणं देऊन सुटलं नसतं. पण जिंकलेल्या गावात दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील कोण, रेशन कोण वाटणार, पकडलेल्या पोराची आई चौकशीला कोणाकडे जाणार, हे ठरलं नसेल तर तीच लढाई पाच वर्षांनी परत लढावी लागते. माफीचा मुद्दाही येतो, अल्जीरियाने 1999 पासून हजारोंना शस्त्रं टाकायला लावून घरी पाठवलं. ज्यांची माणसं मेली त्यांच्यावर तो अन्यायच होता असं मला वाटतं, पण कत्तली थांबल्या हेही खरं आहे.

काश्मीर अवघड आहे ते यासाठी की तिथे दोन्ही आजार एकत्र आहेत. सीमेपलीकडून तयार होऊन आलेला हल्लेखोर हा शोधून मारायचाच, पहलगामवाले 28 जुलैला श्रीनगरजवळ मारले ते योग्यच झालं. पण खोऱ्यातला नाराज मुलगा हा वेगळा प्रश्न. काका सांगतात, कॉर्डन अँड सर्चमध्ये, म्हणजे गावाला वेढा घालून घरोघरी झडती घेताना, एकदा चुकीच्या घराचं दार फोडलं की त्या गावातून सहा महिने कोणी तोंड उघडत नाही. पहलगामच्या दुसऱ्या दिवशी खोऱ्यातल्या लोकांनी स्वतः हल्ल्याच्या विरोधात बंद पाळला, पर्यटकांना वाचवताना तिथला एक घोडेवाला मेला. याच्याएवढी मोठी संधी किती वर्षांत आली नव्हती. आणि पुढच्या काही दिवसांत संशयितांची घरं स्फोटकं लावून पाडली गेली, त्या घरांत म्हातारे आईबाप राहत होते. माझ्या मते ही चूक होती, एका आजाराचं औषध दुसऱ्याला दिल्याची.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्याला काढा म्हणून मीटिंग बोलावली होती. काका उठले, म्हणाले याची पोलीस नोंद आहे का? आहे, मालकाने सांगितलं. मग त्या मुलाकडे वळून विचारलं, बाळा, घरी फोन लागतोय का, आई घाबरली असेल. मीटिंग तिथेच संपली. मालकाने जूनमध्ये अकरा महिन्यांचा करार पुन्हा केला.