पार्श्वभूमी : एकसष्टच्या उदाहरणातील दहा अंकी संख्या

१,७६,६३,१९,०४९ या संख्येचा वर्ग २२,६१,५३,९८० च्या वर्गाच्या एकसष्टपटीपेक्षा नेमका एकने मोठा आहे. एक हा क्षुल्लक अपवाद सोडला, तर असा गुणधर्म असलेली याहून लहान धन पूर्ण संख्या नाही. शेजारच्या ६० साठी ३१ पुरतो आणि ६२ साठी ६३. ६१ साठी मात्र दहा अंकांपर्यंत जावे लागते. या संख्येतून १ वजा करून निम्मे केल्यास २९,७१८ चा वर्ग मिळतो, तर १ मिळवून १२२ ने भागल्यास ३,८०५ चा. वरील दोन संख्यांचा भागाकार ६१ च्या वर्गमुळाशी दशांशचिन्हानंतर सतरा स्थळांपर्यंत जुळतो.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास हे उदाहरण आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथातील वर्गप्रकृतीच्या (एका वर्गाच्या ठरावीक पटीत १ मिळवून दुसरा वर्ग मिळवण्याच्या प्रश्नाच्या) प्रकरणात, ६७ च्या उदाहरणाच्या जोडीने घातले. चक्रवालाची, म्हणजे एका जोडीवरून पुढची जोडी काढत फेरी-फेरीने उत्तराकडे जाण्याच्या रीतीची, सुरुवात ८ पासून होते, कारण ६४ मधून ६१ वजा जाता ३ उरतात. पुढच्याच फेरीत ३९ व ५ ही जोडी आणि −४ हा क्षेपक (३९ च्या वर्गातून ५ च्या वर्गाची एकसष्टपट वजा जाता उरणारी संख्या) हाती येतो, आणि तेथून सातव्या शतकापासून ठाऊक असलेली ‘भावना’ (दोन जोड्यांतून नवी जोडी घडवण्याची रीत) उत्तरापर्यंत पोहोचवते.

श्रेयाचा प्रश्न मात्र सरळ नाही. खानदेशात चक्रवाल सर्रास भास्कराचार्यांच्या नावावर सांगितले जाते. परंतु १०७३ मधील एका टीकाग्रंथात त्याहून जुन्या आचार्यांचे, हीच रीत सांगणारे श्लोक उद्धृत आहेत, त्यामुळे शोधाचा दावा टिकत नाही. उलट बाजूचा, म्हणजे सारे श्रेय युरोपला देणारा, दावाही तितकाच घाईचा आहे. १६५७ मध्ये एका फ्रेंच न्यायाधिकाऱ्याने हाच ६१ युरोपातील गणितज्ञांपुढे (फार त्रास पडू नये म्हणून, असे सांगत!) ठेवला, एका इंग्रज उमरावाने असे प्रश्न सोडवण्याची रीत दिली, आणि पुढे या प्रकारच्या समीकरणाला नाव मात्र तिसऱ्याच गणितज्ञाचे चिकटले. पूर्ण वर्ग नसलेल्या कोणत्याही संख्येसाठी असे उत्तर असतेच, याची सिद्धता अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, आणि तिच्या आधारे आधीच्या सर्वांना ‘केवळ आकडेमोड करणारे’ ठरवण्याची प्रथा पडली. सिद्धता आणि उकल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६१ ची उकल त्या सिद्धतेच्या सहा शतके आधी लिहून ठेवलेली होती, हे त्या प्रथेने झाकले जाते.

चाळीसगाव तालुक्यातील पाटणचा शके ११२८ चा शिलालेख या संख्येविषयी काही सांगत नाही. भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दिलेल्या दानांची त्यात नोंद आहे. जन्मस्थानाच्या वादात हा दगड वारंवार ओढला जातो, पण त्याचे खरे मोल अध्यापनाच्या पुराव्यात आहे, कारण बीजगणित हा सिद्धांतशिरोमणीचाच भाग मानला जातो. कोणत्याही अवर्ग (पूर्ण वर्ग नसलेल्या) संख्येपासून सुरुवात केली तरी चक्रवाल उत्तरापर्यंत पोहोचतेच, याची काटेकोर मांडणी विसाव्या शतकात एका भारतीय गणितज्ञाने केली.