काच खातं, पण तीव्र आम्ल नाही

हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेची बाटलीसुद्धा खातं, म्हणजे ते सगळ्यात तीव्र आम्ल, हे शाळेपासून ऐकत आलोय. काच खातं हे खरं. पण रसायनशास्त्राच्या हिशेबात ते चक्क सौम्य आम्ल आहे!

आम्लाची तीव्रता ठरते पाण्यात त्याचा हायड्रोजन किती सहज सुटतो यावर. हायड्रोक्लोरिक आम्लात तो जवळपास सगळा सुटतो. हायड्रोफ्लोरिक आम्लातला फ्लोरिन मात्र त्याला घट्ट धरून बसतो, 0.1 मोलर (म्हणजे बऱ्यापैकी पातळ) द्रावणात 100 पैकी जेमतेम 8 रेणू फुटतात.

मग काच का विरघळते? काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनची जाळी. सिलिकॉनची फ्लोरिनशी गाठ ऑक्सिजनपेक्षाही पक्की बसते, म्हणून जाळी टाक्याटाक्याने उसवते. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र काचेच्या बाटलीत वर्षानुवर्षं निवांत राहतं.

आता ‘सौम्य’ या शब्दावर जाऊ नका. न फुटलेले रेणूच कातडीतून खोल शिरतात, आत त्यांच्यातून सुटलेलं फ्लोराइड (विद्युतभारित फ्लोरिन) शरीरातल्या कॅल्शियमला पकडतं. विरल द्रावण सांडलं तर सुरुवातीला दुखतही नाही. कळ काही तासांनी उठते. म्हणून हे आम्ल हाताळणाऱ्या प्रयोगशाळेत कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवतात.