आत्यांनाही मोजा

अंबाजोगाईला आमच्या गल्लीतल्या एका काकूंना अंडाशयाचा कॅन्सर निघाला. "घरात आधी कुणाला होता का?" डॉक्टरांनी विचारलं. "न्हाई, आईकडं कुणालाच न्हवता." नंतर चहा पिताना विषय निघाला तेव्हा कळलं, त्यांची एक आत्या पोटात पाणी होऊन गेली आणि दुसरी छातीच्या गाठीनं. "पण त्या तर वडिलांकडच्या!"

बाईचा आजार आईकडूनच येतो, हा समज आपल्याकडं फार पक्का आहे. या कॅन्सरचा, आणि स्तनाच्या कॅन्सरचाही, धोका वाढवणारी दोन मुख्य जनुकं म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. पहिलं १७व्या गुणसूत्रावर, दुसरं १३व्या. ही गुणसूत्रं आई-बाप दोघांकडून एकेक येतात. त्यामुळं बिघडलेली प्रत वडिलांकडं असेल, तर ते स्वतः ठणठणीत राहूनही ती मुलीला जाण्याची शक्यता निम्मी असते. मुलालाही तेवढीच.

बिघाड म्हणजे नेमकं काय? पेशी जनुक वाचते ते तीन-तीन अक्षरांनी. 'मदन परत कमळ उचल' हे वाक्य घ्या. यातली 'पर' ही दोनच अक्षरं गाळा आणि पुन्हा तीन-तीननं वाचा: 'मदन तकम ळउच ल'. गळाली दोन अक्षरं, पण पुढचं सगळंच वाक्य बिघडलं. बीआरसीए-१ मधला एक प्रसिद्ध बदल अगदी असाच आहे, सुरुवातीलाच दोन अक्षरं गळतात. या जनुकावरून बनणारं प्रथिन पूर्ण झालं तर १,८६३ अमिनो आम्लांचं होतं. इथं ३९व्या जागीच 'थांबा' अशी खूण येते आणि काम तिथंच संपतं. हा बदल ज्यू समाजात जास्त आढळतो, भारतातल्या रुग्णांमध्येही सापडला आहे.

या प्रथिनाचं काम डागडुजीचं. डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले, की शेजारच्या तशाच जुळ्या प्रतीवरून बघून तुटलेला भाग जसाच्या तसा लिहून काढायचा. बीआरसीए-२ या कामासाठी आरएडी-५१ नावाचं प्रथिन तुटल्या जागी आणून बसवतं. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर पेशीचं भागतं. एखाद्या पेशीत दुसरीही गेली, की मात्र जोड घाईघाईनं, चुकीचे लागतात. चुकांवर चुका साठतात. सर्वसाधारणपणे शंभरात एखाद्या बाईला आयुष्यात हा कॅन्सर होतो. बीआरसीए-१ बिघडलेल्या शंभरजणींत चाळीसच्या आसपास.

बहुतेक रुग्णांत मात्र असा वारसा सापडत नाही. म्हणून 'कॅन्सर होईल' या भीतीवर सरसकट गर्भपिशवी काढणं मला संतापजनक वाटतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या बाबतीत हेच झालं. २०१९च्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. नुसती पिशवी काढली तर अंडाशय जागेवरच राहतात! ज्यांच्यात बिघाड खरोखर सापडतो, त्यांना मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० वयात, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढायचा सल्ला देतात. यातले बरेच कॅन्सर बीजवाहिनीच्या टोकालाच सुरू होतात.

तपासणी आधी रुग्णाची करतात, कारण तिच्यात बदल सापडला तर घरच्यांत नेमका तोच शोधता येतो. काकूंचं रक्त तपासणीला गेलंय. डॉक्टरांच्या कागदावर आता दोन्ही आत्यांची नावं आहेत, आणि त्यांच्या लेकींचीही.